नेमबाजाचे पिस्तूल आणि अर्ध्या किलोचे वजन

शालेय क्रीडास्पर्धांत नेमबाजी हाही एक खेळ असतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मुलांची या खेळाशी पहिली ओळख बहुधा एन.सी.सी.त होते. फोरसाईट, बॅकसाईट हे शब्द तेथेच कानावर पडतात. पुढे एखाद्याला पिस्तूल नेमबाजीची गोडी लागली, की तो विचारतो, "सर, सगळ्यांत चांगले पिस्तूल कोणते?"

खरे तर पहिला प्रश्न वेगळा हवा : माझ्या स्पर्धाप्रकाराच्या नियमांत कोणते पिस्तूल बसते? स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तुलाची तपासणी होते. तीत नापास झालेले पिस्तूल कितीही किमती असले, तरी त्याने खेळता येत नाही. मग वर्षभराचा सरावही वाया आणि आईवडिलांचे पैसेही वाया. हे नियम नुसते पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचे पदार्थविज्ञान समजून घेतले, तर निवड सोपी होते.

प्रकार बदलला की पिस्तूल बदलते

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर प्रकारात ४.५ मिलिमीटर व्यासाचे छर्रे उडवणारे हवेचे पिस्तूल लागते. त्याचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. त्याचा चाप, म्हणजे ट्रिगर, किमान ५०० ग्रॅम वजन तोलणारा हवा.

२५ मीटर प्रकारात पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची काडतुसे वापरतात. तेथे वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, पेटी ३०० × १५० × ५० मिलिमीटरची आणि चाप किमान १००० ग्रॅमचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते याच प्रकारात. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी आणि अनिसा सय्यद यांनी मिळून जोडीचे सुवर्णपदक पटकावले, तेही २५ मीटरमध्येच.

५० मीटर प्रकारात मात्र पिस्तुलाच्या वजनावर वा चापावर असे बंधन नाही. हा प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत ऑलिंपिकमध्ये होता. म्हणजे ५० मीटरसाठी उत्तम ठरणारे पिस्तूल २५ मीटरच्या तपासणीत पहिल्याच टेबलावर परत केले जाईल!

चापाची परीक्षा

चाप फारच हलका असेल, तर नुसत्या धक्क्यानेही तो सुटू शकतो. म्हणून किमान मर्यादा ठेवलेली आहे. तपासणीत पिस्तुलाची नळी सरळ वर धरतात, चापाला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते सपाट पृष्ठभागावरून उचलतात. चाप न सुटता वजन उचलले गेले, तर पिस्तूल उत्तीर्ण.

आता गंमत पाहा. हेच वजन तुम्ही ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग या त्वरणाने उचलले, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे चापावर m(g + a) एवढे बल पडते. म्हणजे ५०० ग्रॅमचे वजन सुमारे ५२५ ग्रॅमसारखे वागते. सराफाचा तराजू हिसका दिल्यावर चुकीचे वजन दाखवतो, तसेच हे. म्हणून चाप बरोबर ५०० ग्रॅमवर न लावता थोडा जास्तच ठेवावा आणि वजन अगदी सावकाश उचलावे. झिजेने आणि हादऱ्यांनी चापाची जुळणी थोडी बदलते, म्हणून स्पर्धेपूर्वी ती पुन्हा तपासावी.

५०० ग्रॅम म्हणजे सुमारे ४.९ न्यूटन. बोट सरळ मागे न येता १० अंशांनी तिरपे दाबले, तर ४.९ × साइन १०° = ०.८५ न्यूटन एवढे बल आडव्या दिशेने लागते. नळीचे टोक बाजूला सरकते ते यामुळे. २५ मीटरच्या १००० ग्रॅमच्या चापावर हाच दोष दुप्पट होतो.

लांबी : समरूप त्रिकोणांचा हिशेब

फोरसाईट आणि बॅकसाईट यांच्यातील अंतर ३१० मिलिमीटर आहे असे धरा. नेम धरताना फोरसाईट ०.१ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल? समरूप त्रिकोणांवरून ०.१ × १०००० ÷ ३१० = सुमारे ३.२ मिलिमीटर. हेच अंतर २०० मिलिमीटर असेल, तर छर्रा ५ मिलिमीटर सरकेल.

१० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छर्ऱ्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ५.७५ + २.२५ = ८ मिलिमीटरच्या आत हवा. संपूर्ण हात सरळ २ मिलिमीटर सरकला, तर छर्राही २ मिलिमीटरच सरकतो. दोन साईट एकमेकींच्या रेषेतून हलल्या, तर मात्र चूक तीसपट होते. नवशिक्याने लक्ष्याऐवजी फोरसाईटकडे पाहावे असे प्रशिक्षक सांगतात, त्याचे कारण हेच.

मग जास्तीत जास्त लांब पिस्तूल घ्यावे का? नाही. एक तर पेटी आडवी येते. शिवाय वजन पुढे गेले, की मनगटावरचा ताण वाढतो.

वजन : मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे

पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून, कसलाही आधार न घेता धरायचे असते. खांद्यापासून पिस्तूल ६० सेंटिमीटरवर आहे असे माना. १ किलोच्या पिस्तुलाचे खांद्याभोवतीचे बलाघूर्ण ०.६ × ९.८ = सुमारे ५.९ न्यूटन-मीटर होते. दीड किलोच्या पिस्तुलाचे ते ८.८ होते. एका डावात ६० गुणांकित नेम असतात आणि प्रत्येक वेळी हा भार नव्याने उचलायचा असतो.

जड पिस्तुलाचे जडत्व जास्त, म्हणून त्याची थरथर संथ असते, हे खरे. पण स्नायू थकले की हा फायदा उरत नाही. चौदा वर्षांच्या मुलीने १५०० ग्रॅमची मर्यादा गाठण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मूठ आणि डोळा

मूठ तळहाताला घट्ट बसावी, पण तिने मनगटाला टेकू देऊ नये. तळहाताखालचा आधार मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणारा चालत नाही. असा टेकू मिळाला, तर मनगटाचे काम लाकूड करू लागेल! साईटवर भिंग, दुर्बीण वा लेसर चालत नाही. नेमबाजाला चष्मा मात्र लावता येतो. घोट्याचे हाड झाकणारे बूटही पिस्तूल प्रकारात वर्ज्य आहेत.

दाबलेली हवा आणि आपला उन्हाळा

आजच्या बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत दाबलेल्या हवेचे छोटे सिलिंडर असते. ते २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, २०० बार दाबाने भरले आणि ४५ अंशांच्या खानदेशी उन्हात ठेवले, तर दाब २०० × ३१८ ÷ ३०० = २१२ बार होईल. बंद गाडीत तापमान याहूनही वाढते. म्हणून सिलिंडर सावलीतच ठेवावे आणि काठोकाठ भरू नये. सिलिंडरवर मुदत छापलेली असते. ती जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि ती संपली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच आहे.

साधनाची देखभाल किती मोलाची असते, याचे उदाहरण २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. मनू भाकर यांच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच प्रकारात त्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले.

खरेदीपूर्वी

नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू नियमपुस्तक पाहावे. सुरुवातीला क्लबचे पिस्तूल वापरून हाताला काय मानवते ते ठरवावे. मग पेटी, वजन, चाप आणि मूठ या चारही गोष्टी मोजूनच पैसे द्यावेत. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू पिस्तुलाला मात्र लागतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा ½mv² म्हणजे सुमारे ५.६ ज्यूल होते. परवाना लागत नसला तरी हे खेळणे नव्हे. एवढी ऊर्जा डोळा कायमचा निकामी करू शकते, म्हणून नळी नेहमी लक्ष्याकडेच असावी.

करून पाहा

एक लिटरच्या बाटलीत पाणी भरा, म्हणजे सुमारे एक किलो झाले. ती सरळ हाताने खांद्याच्या उंचीवर धरा आणि बाटलीतील पाण्याचा पृष्ठभाग किती सेकंद स्थिर राहतो ते मोजा. एक मिनिट विश्रांती घेऊन असे दहा वेळा करा आणि आलेख काढा. मग दीड लिटरच्या बाटलीने तोच प्रयोग करा. तुमच्यासाठी कोणत्या वजनाचे पिस्तूल योग्य ठरेल, याचा अंदाज त्या दोन आलेखांवरून बांधता येईल.