कमी पाण्याची बाग आणि झाडांचा लुआख



दिमोना, येरुहाम, बेअर शेवा, अश्दोद, लोद, रामले... जिथे जिथे आपली माणसे राहतात, तिथे घरापुढे चार हात जागा, नाहीतर मिरपेसेतमध्ये पाच-सहा कुंड्या असतातच. पण वय वाढले की या बागेचे दोन त्रास सुरू होतात. पहिला पाण्याच्या बिलाचा. दुसरा त्याहून मोठा: बादली उचलवत नाही आणि पाइप ओढताना पाय अडकून पडण्याची भीती वाटते. मग मुले म्हणतात, "आई, काढून टाक ती झाडे, फरशी घालून घेऊ." फरशी घालण्याआधी हा लेख वाचावा, एवढीच विनंती.

आठवड्यातून एकदा, काही वेळा महिन्यातून एकदा पाणी मिळाले तरी भागते अशी पुष्कळ झाडे या देशात मिळतात. निवडुंग, कोरफडीसारखी जाड रसदार पानांची झाडे आणि नेगेव-गालीलच्या रानात आपोआप उगवणारी इथली झाडे. मिश्तालामध्ये विकणारा सांगतो, "याला काही करावे लागत नाही." तरीही वर्षाच्या आत झाड मान टाकते. अशी झाडे तहानेने क्वचितच मरतात. बहुतेक वेळा ती मरतात चुकीच्या महिन्यात दिलेल्या पाण्याने. कोणत्या झाडाला कोणत्या महिन्यात पाणी हवे, हे कळले की निम्मे काम झाले.

कोकणचा पाऊस आणि इथला पाऊस

आपल्या वाडवडिलांच्या अलिबागेत वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बेअर शेवात वर्षाला सुमारे 200 मिलिमीटर. दिमोनात त्याहून कमी. पण आकड्यापेक्षा मोठा फरक महिन्यांचा आहे. कोकणात ऊन आणि पाणी हातात हात घालून येतात. मृगाचा पाऊस पडला की तापलेल्या जमिनीतून सारे हिरवे होते. इथे मात्र ऊन असते तेव्हा पाऊस नसतो आणि पाऊस असतो तेव्हा थंडी असते. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत काय पडेल ते पडेल, त्यातही बराचसा डिसेंबर ते फेब्रुवारीत. नंतर पाच महिने आकाश कोरडे.

आपल्या सिद्दूरमध्ये हे सगळे आहेच. शेमिनी अत्सेरेतला आपण पावसासाठी गेशेमची प्रार्थना म्हणतो. 7 खेश्वानपासून इथे "ताल उमातार" मागतो आणि पेसाखला पाऊस थांबवून दवाची, म्हणजे तालची प्रार्थना करतो. कोकणात आपले वडीलधारे हीच गेशेमची प्रार्थना म्हणत, तेव्हा पावसाळा संपत आलेला असे आणि शेतात भात पिकून उभे असे. तरीही त्यांनी ती सोडली नाही, कारण ती प्रार्थना या देशाच्या आकाशाची होती. इथली रानझाडे नेमक्या याच लुआखप्रमाणे वागतात. पहिला पाऊस, म्हणजे योरे, पडला की जागी होतात आणि पेसाखनंतर हळूहळू झोपी जातात. झोपलेल्या झाडाला तम्मूज-आवच्या उन्हात भरपूर पाणी पाजले, तर गरम ओल्या मातीत त्याची मुळे कुजतात. आपला हात कोकणाच्या सवयीने उन्हाळ्यात नळाकडे जातो. तो कोणत्या झाडासाठी न्यायचा, हे ठरवले पाहिजे.

तीन कुळे

पहिले कूळ इथल्या मूळच्या झाडांचे. लागवड सुक्कोथनंतर, पावसाळ्याच्या तोंडावर करावी, म्हणजे हिवाळाभर मुळे खाली जातात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनी खोलवर पाणी द्यावे. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला महिन्यातून एकदा पुरते. काहींना तेही लागत नाही.

दुसरे कूळ निवडुंगांचे. हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले आणि पुष्कळसे मेक्सिकोचे. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, अगदी आपल्या कोकणासारखा, फक्त थोडा. म्हणून कुंडीतल्या निवडुंगाला आपली जुनी सवय चालते: उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी. उलट हिवाळ्यात त्याला कोरडे ठेवावे. थंडी आणि ओल एकत्र आली की तो बुडापासून सडतो. जानेवारीच्या पावसात कुंडी छपराखाली सरकवावी.

तिसरे कूळ रसदार पानांचे. कोरफड आणि जाड गोल पानांचे जेड वसंतात आणि शरदात वाढतात. कडक उन्हात ती थबकतात, तेव्हा दोन आठवड्यांनी थोडे पाणी पुरे, आणि दुपारची सावली द्यावी. कॅनरी बेटांवरून आलेले एओनियम, ज्याची पाने गुलाबासारखी एकात एक बसलेली असतात, ते हिवाळ्यात वाढते. उन्हाळ्यात पाने मिटून बसले की ते मरत नसते, झोपलेले असते. त्याला उठवू नये.

निवडुंग आणि यांतली बहुतेक रसदार झाडे पाणी कसे वाचवतात? साधी झाडे दिवसा पानांवरची बारीक छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने पाणी उडून जाते. ही झाडे दिवसा छिद्रे मिटतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उन्हात वापरतात. म्हणून यांना पाणीही संध्याकाळी किंवा पहाटे द्यावे.

ओळखीची चार झाडे

रोतेम. नेगेवच्या वाद्यांतले हे झुडूप, पाने जवळजवळ नाहीत, हिरव्या काटक्यांवरच जगते. मेलाखीम आलेफच्या 19व्या अध्यायात एलियाहू हन्नाबी इझेबेलच्या भीतीने बेअर शेवाला येतात, तिथून एक दिवसाची वाट रानात चालतात आणि बसतात ते रोतेमखाली. त्याला फुले येतात हिवाळ्याच्या अखेरीस, पांढरी आणि सुगंधी. म्हणजे तू बिश्वातला आपण एलियाहू हन्नाबीचा उरूस करतो, मलिदा करतो, त्या सुमारास नेगेवमध्ये त्यांचे झाड फुलू लागते. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी एक रोतेम जरूर लावावा. त्याची मुळे खोल जातात, त्यामुळे कुंडीत तो रमत नाही. बिया विषारी असतात, नातवंडांना सांगून ठेवावे.

खत्साव. मोठ्या कांद्याचे झाड. उन्हाळ्याच्या शेवटी, पान एकही नसताना, जमिनीतून माणसाच्या छातीएवढा दांडा वर येतो आणि पांढऱ्या फुलांनी भरतो. तो दिसला की समजावे, नव्याचा सण जवळ आला. पाने हिवाळ्यात येतात आणि वसंतात सुकतात. उन्हाळ्यात पाणी अजिबात नको. यहोशूआने देशाच्या वाटण्यांच्या सीमा खत्सावने आखल्या असे तालमूदमध्ये सांगितले आहे. एकदा लावला की तो जागा सोडत नाही, हे पाहिले म्हणजे तसे का म्हटले ते पटते. कांदा विषारी आहे, स्वयंपाकाच्या कांद्यांजवळ ठेवू नये.

एझोव आणि मार्वा. मिस्राइममध्ये पेसाखच्या रात्री दाराच्या चौकटीला रक्त लावले ते एझोवच्या जुडीने. बाजारात ज्याला झातार म्हणतात त्यातली पाने याचीच. 1977 पासून ही वनस्पती संरक्षित आहे, म्हणून रानातून उपटून आणू नये. मिश्तालामधून रोप घ्यावे. मार्वाची दोन पाने चहात छान लागतात. दोन्ही झाडे कुंडीत होतात, त्यांना फक्त ऊन हवे.

साब्रेस, म्हणजे त्साबार. इथे जन्मलेल्या माणसाला ज्याच्या नावाने हाक मारतात, ते झाड स्वतः बाहेरून आलेले आहे. स्पॅनिश जहाजांबरोबर ते अमेरिकेतून निघाले आणि इथे असे रुजले की देशाची खूण झाले. आपल्याला यात नवल वाटू नये. गेल्या काही वर्षांत देशाच्या उत्तर भागातली त्साबारची जुनी कुंपणे एका किडीने वाळली. फांदीवर पांढरा कापसासारखा थर दिसला आणि बोटाने चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर ती हीच कीड. थोडी असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश पुरतो. जास्त असेल तर ती फांदी कापून पिशवीत बांधून टाकावी. फळे गोड असतात, पण एका वेळी दोन-तीनच खावी. बिया जास्त पोटात गेल्या तर बद्धकोष्ठ होतो.

माती, पाणी आणि मांडणी

बेअर शेवाच्या बाजूची पिवळसर बारीक माती पावसाने वरून लिंपल्यासारखी बंद होते आणि पाणी वाहून जाते. म्हणून झाडाभोवती उथळ आळे करावे आणि वर दोन-तीन बोटे खडीचा थर द्यावा. थर खोडाला चिकटू देऊ नये. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग टूफ घ्यावा. टूफ म्हणजे बागेच्या दुकानात मिळणारी ज्वालामुखीची लालसर-काळी खडी. समुद्राची वाळू खारट, ती वापरू नये. कुंडीच्या तळाला भोक हवेच आणि बशीत पाणी साचू देऊ नये.

पाइप ओढण्याचा त्रास संपवायचा असेल तर ठिबक बसवून घ्यावे, म्हणजे इथल्या भाषेत तिफ्तूफ. इंजिनिअर सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवरून बेअर शेवाजवळच्या हात्सेरीम किब्बूत्सने 1965 मध्ये याचा कारखाना काढला. आज महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या आणि डाळिंबांच्या बागांतही ठिबकच दिसते. नळाला घड्याळ लावले की कोणी घरी नसले तरी चालते. मुलांना फरशी घालायला सांगण्याऐवजी हे काम सांगावे. मात्र तीन कुळांना एकाच नळीवर ठेवू नये, नाहीतर घड्याळ सगळ्यांना सारखेच पाजील.

आपली काही झाडे तहानलेलीच राहणार: कढीपत्ता, सब्जा, गवती चहा. ती सोडायला आम्ही सांगत नाही. ती दाराजवळ, नळाच्या हाताशी एकत्र ठेवावी. एअर कंडिशनरचे ठिबकणारे पाणी बादलीत धरले तर या कुंड्यांना चालते. कमी पाण्याची झाडे लांब, कोपऱ्यात ठेवावी. म्हणजे रोजची फेरी चार पावलांची होते.

पाणी द्यायचे की नाही, हे ओळखायला लाकडी काडी बोटभर खोल खुपसावी. ओली माती चिकटून आली तर थांबावे. पाने सुरकुतली आणि मऊ पडली तर झाड तहानलेले आहे. पाने पिवळी, पारदर्शक, लिबलिबीत झाली तर पाणी जास्त झाले आहे. पहिल्या दुखण्यातून झाड दोन दिवसांत उठते, दुसऱ्यातून सहसा उठत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा पाणी देऊ नये.

हातापायांची काळजी

निवडुंग हलवताना वर्तमानपत्राची जाड घडी करून तिने धरावा. बारीक कुसळे चिकटपट्टी लावून ओढली की निघतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी काटा रुतल्यावर दुर्लक्ष करू नये, जखम कुपात खोलीमच्या नर्सला दाखवावी. कोकणातल्या कुंपणांचा शेर आणि थोर इथल्या बागांतही दिसतात. त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. लगेच वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन दवाखाना गाठावा. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात घेऊ नये. उन्हाळ्यात बागेचे काम सकाळी आठच्या आत उरकावे आणि वाकण्यापेक्षा कुंड्या बाकावर ठेवाव्या.

वर्षाचे काम थोडक्यात

तिश्री-खेश्वान: सुक्कोथनंतर नवी लागवड. निवडुंगाचे पाणी कमी करावे.

किसलेव ते श्वात: रानझाडांना पावसाने दगा दिला तरच पाणी. निवडुंग कोरडा. तू बिश्वातला रोतेम पाहून यावे.

अदार-निसान: कोरफडीची पिल्ले वेगळी करावी. जेडची फांदी तोडली तर आठवडाभर सावलीत ठेवून चीर सुकू द्यावी, मगच लावावी.

इय्यार-सिवान: रानझाडांचे पाणी कमी, निवडुंगाचे सुरू.

तम्मूज-आव: बिरड्याच्या रोजाच्या सुमारास ऊन सर्वांत कडक. नव्या रोपांना सावली. खत्साव आणि एओनियमला हात लावू नये.

एलूल: खत्सावच्या दांड्याची वाट पाहावी.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. पुढचे श्मिता वर्ष 5789, म्हणजे 2028च्या नव्याच्या सणापासून सुरू होते. त्या वर्षी नवी लागवड करता येत नाही. असलेले झाड जगवण्यापुरते पाणी द्यायला परवानगी असते. कुंड्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या रब्बींना विचारावे. ज्यांना रोतेम किंवा एझोव जमिनीत लावायचा आहे, त्यांनी त्याआधीचे हिवाळे हाताशी घ्यावे. तोवर मुळे धरलेले झाड श्मिताचे वर्ष जवळजवळ आपल्याच बळावर काढील. आणि ज्यांच्याकडे कोरफडीची पिल्ले जास्त झाली आहेत, त्यांनी ती शब्बाथनंतर सिनागॉगच्या दाराशी आणून ठेवावी. कोणीतरी नक्की घेऊन जाईल.