कंपन्यांवरील रॅन्समवेअर हल्ले आणि कुटुंबाच्या वैयक्तिक माहितीचे संरक्षण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सातारा व सांगली जिल्ह्यांचा मुंबई-पुण्याशी असलेला संबंध प्रामुख्याने रोजगाराचा आहे. पाटण, जावळी या तालुक्यांतील कष्टकरी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून गेले. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर पसरले आणि पुढील पिढी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरीस लागली. एके काळी नोकरदार व गावाकडील घर यांना जोडणारा कागद म्हणजे मनीऑर्डरचा फॉर्म होता. त्यावर नाव, पत्ता, रक्कम आणि चार ओळींचा मजकूर एवढीच माहिती असे. आज परिस्थिती पूर्णतः बदलली आहे. नोकरीवर रुजू होताना कर्मचारी स्वतःचा आधार क्रमांक, पॅन व बँक खाते क्रमांक देतो. त्याशिवाय समूह आरोग्य विम्यासाठी पत्नी, मुले व आई-वडील यांची नावे व जन्मतारखा आणि भविष्य निर्वाह निधीसाठी वारसाचा तपशीलही देतो. ज्या आईने संगणक कधी हाताळलेला नाही, तिची माहितीही अशा रीतीने दूरच्या संगणकात साठवली जाते. कंपनीवर हल्ला झाला तर त्याची झळ गावाकडच्या घरापर्यंत पोहोचते ती यामुळेच.

उद्दिष्टे :

१. रॅन्समवेअर हल्ल्याचे बदललेले स्वरूप स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्राशी संबंधित घटनांच्या आधारे कौटुंबिक माहितीस असलेला धोका समजून घेणे.
३. गळतीनंतर कुटुंबाने करावयाच्या उपाययोजना व उपलब्ध कायदेशीर तरतुदी मांडणे.

रॅन्समवेअरचे स्वरूप :

संगणकातील माहिती सांकेतिक लिपीत बंदिस्त करून ती मोकळी करण्यासाठी खंडणी मागणारी आज्ञावली म्हणजे रॅन्समवेअर. याचा पहिला ज्ञात प्रकार १९८९ मध्ये फ्लॉपी डिस्कद्वारे टपालाने पसरवण्यात आला होता. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्याने हा शब्द सर्वतोमुखी झाला. तोपर्यंत हल्ल्याचा उद्देश काम बंद पाडणे एवढाच असे आणि माहितीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवणे हा त्यावरील उपाय मानला जाई. २०१९ च्या अखेरीस मेझ नावाच्या टोळीने ही पद्धत बदलली. माहिती बंदिस्त करण्यापूर्वी ती चोरून न्यायची आणि खंडणी न मिळाल्यास जाहीर करायची, अशी ही दुहेरी खंडणी होय. या पद्धतीत दुसरी प्रत असल्यास कंपनीचे काम पुन्हा सुरू होऊ शकते, परंतु कर्मचाऱ्याची चोरीस गेलेली माहिती परत येत नाही.

खंडणी दिल्याने माहिती नष्ट होईल, ही अपेक्षाही निराधार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने अन्य देशांच्या सहकार्याने लॉकबिट टोळीच्या यंत्रणा ताब्यात घेतल्या. तेव्हा खंडणी दिलेल्या संस्थांची माहितीही तेथे तशीच आढळली. तात्पर्य, एकदा चोरीस गेलेली माहिती कायमची बाहेर गेली असे समजूनच पुढील पावले टाकणे श्रेयस्कर ठरते.

महाराष्ट्राशी संबंधित घटना :

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सातारा, मिरज व कुपवाड येथील औद्योगिक वसाहती याच महामंडळाच्या आहेत. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईस्थित टाटा पॉवर कंपनीने आपल्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेवर सायबर हल्ला झाल्याचे शेअर बाजारास कळवले. त्याच महिन्यात हाइव्ह टोळीने या कंपनीची म्हणून काही माहिती उघड केली. प्रसिद्ध वृत्तांनुसार तीत कर्मचाऱ्यांचे आधार क्रमांक, पॅन, वेतन, पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांचा समावेश होता. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने युरोपीय पोलिसांच्या साहाय्याने हाइव्हची यंत्रणा मोडून काढली. ८० हून अधिक देशांतील १,५०० हून अधिक संस्था या टोळीच्या लक्ष्य ठरल्या होत्या. टोळी मोडली म्हणून आधी उघड झालेली माहिती मात्र गुप्त झाली नाही.

पुण्यातील टाटा टेक्नॉलॉजीज कंपनीने ३१ जानेवारी २०२५ रोजी रॅन्समवेअरच्या घटनेची माहिती शेअर बाजारास दिली. मार्च २०२५ मध्ये हंटर्स इंटरनॅशनल या टोळीने कंपनीची १.४ टेराबाइट माहिती आपल्याकडे असल्याचा दावा केला.

या घटनांहून वेगळी घटना ३१ जुलै २०२४ ची आहे. लहान बँकांना तंत्रज्ञानसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा परिणाम झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिच्या यंत्रणा देयक जाळ्यापासून काही काळ अलग ठेवल्या. त्यामुळे सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या देयकसेवा खंडित झाल्याचे वृत्त होते. सेवा बंद पडणे आणि माहितीची गळती होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत प्रतीक्षा पुरते, दुसरीत कृती करावी लागते.

गळती झालेल्या माहितीचे वर्गीकरण :

उपाय ठरवण्यापूर्वी कोणती माहिती गेली याचा विचार करणे आवश्यक आहे. या दृष्टीने माहितीचे तीन प्रकार पडतात.

अ) सहज बदलता येणारी : पासवर्ड, पिन, डेबिट कार्ड.
आ) कष्टाने बदलता येणारी : भ्रमणध्वनी क्रमांक, ई-मेल पत्ता, बँक खाते.
इ) न बदलणारी : जन्मतारीख, आईचे नाव, आधार क्रमांक, पॅन, आजारांचा इतिहास.

पहिल्या प्रकारातील माहिती तत्काळ बदलावी. दुसऱ्या प्रकारातील माहितीवर देखरेख ठेवावी. तिसऱ्या प्रकारातील माहिती बदलता येत नसल्याने तिचा गैरवापर अवघड करणे हाच मार्ग उरतो.

कुटुंबाने करावयाच्या उपाययोजना :

१. नेमके काय गेले याची विचारणा : कर्मचाऱ्याने कंपनीच्या मनुष्यबळ विभागास लेखी पत्र देऊन आपली व कुटुंबीयांची कोणती माहिती उघड झाली, याचे उत्तर मागावे. नोकरी सोडलेल्यांनीही हे करावे, कारण माजी कर्मचाऱ्यांच्या नोंदी अनेकदा वर्षानुवर्षे जपलेल्या असतात.

२. पासवर्ड व द्विस्तरीय पडताळणी : प्रथम ई-मेलचा पासवर्ड बदलावा, कारण अन्य खात्यांचे पासवर्ड त्याच मार्गाने बदलले जातात. त्यानंतर बँक व भविष्य निर्वाह निधी खात्यांकडे वळावे.

३. आधार : आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अथवा एम-आधार ॲपवरून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. त्यामुळे बोटांच्या ठशांवर पैसे काढण्याच्या सेवेचा गैरवापर रोखता येतो. तथापि, गावात ठसा देऊनच पैसे काढणाऱ्या वृद्धांना प्रत्येक वेळी कुलूप उघडावे लागेल. त्यामुळे ही जबाबदारी घरातील एका व्यक्तीने घेणे इष्ट होय. आधार वापराचा इतिहासही तेथेच पाहता येतो. पुढे कोठेही प्रत देताना पहिले ८ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्यावे.

४. पॅन व कर्जे : दुसऱ्याच्या पॅनवर कर्ज घेतले गेल्यास त्याचा सुगावा पतअहवालात लागतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. देशात अशा ४ कंपन्या असल्याने दर तीन महिन्यांनी एकीकडून अहवाल मागवल्यास वर्षभर नजर राहते.

५. सिमकार्डे : दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावे किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत हे पाहता येते व अनोळखी जोडणीची तक्रार करता येते. आई-वडिलांच्या नावावरील जोडण्याही तपासाव्यात.

६. घरातील संकेत : सर्वांत महत्त्वाचा उपाय तांत्रिक नाही. मुलाचे नाव, कंपनी, हुद्दा आणि वडिलांचा आजार अचूक सांगणारा दूरध्वनी कोरेगाव किंवा जतमधील घरी आला, तर वृद्ध व्यक्तीचा त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. गळतीनंतर मात्र अचूक माहिती हा ओळखीचा पुरावा राहत नाही. म्हणून अपघात, अटक किंवा विम्याचा हप्ता यांपैकी कोणतेही कारण सांगून पैसे मागणारा दूरध्वनी आल्यास तो बंद करावा. मग मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करावा, हा नियम घरात आधीच ठरवून ठेवावा. केवळ घरच्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्दही खूण म्हणून ठरवता येतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही, हेही घरातील ज्येष्ठांना आवर्जून सांगावे.

७. पैसे गेल्यास : विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व स्वतःच्या बँकेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर दायित्व येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही अशी तरतूद करण्यात आली. ओटीपी स्वतःहून सांगितल्यास मात्र बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते.

कायदेशीर तरतुदी :

सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत देणे संस्थांवर बंधनकारक आहे. मात्र ही खबर शासनयंत्रणेस मिळते, कर्मचाऱ्यास नव्हे. ही उणीव ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३’ ने भरून काढली. त्यानुसार गळती झाल्यास संबंधित प्रत्येक व्यक्तीस कळवणे आवश्यक असून सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्या अधिसूचनेनुसार मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. या दंडाची रक्कम शासनाकडे जमा होते, पीडित कुटुंबाला मिळत नाही, ही या कायद्याची मर्यादा होय. नुकसानभरपाईची तरतूद माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३-अ मध्ये आहे, परंतु नवा कायदा पूर्णतः लागू होताच ते कलम वगळले जाणार आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, गळती रोखणे कुटुंबाच्या हाती नसले तरी तिचे परिणाम मर्यादित ठेवणे बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे. ही जाणीव गावोगावी पोहोचवण्यात महाविद्यालयांचा वाटा मोठा ठरू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमसंस्कार शिबिरात विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन ज्येष्ठांच्या नावावरील जोडण्या तपासणे व आधारचे कुलूप लावण्यास साहाय्य करणे, हा खर्च न लागणारा उपक्रम आहे. महाविद्यालयांकडेही हजारो विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले व पालकांच्या उत्पन्नाचे तपशील साठवलेले असतात. म्हणून प्रवेश अर्जात अनावश्यक माहिती न मागणे व काम संपलेल्या नोंदी नष्ट करणे, याची सुरुवात प्राध्यापकवर्गाने आपल्या कार्यालयापासून करावी. जी माहिती साठवलीच नाही, ती चोरीस जात नाही.