एका खुर्चीचे दोन धनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नाटकाची तिसरी घंटा झाली आहे आणि एकाच खुर्चीची तिकिटं हातात घेऊन दोन कुटुंबं समोरासमोर उभी आहेत. आमच्या एका कामात असा प्रसंग खरोखर ओढवला होता. तिकीटविक्रीचा प्रोग्रॅम जावा भाषेतला, लिहिणाऱ्यांपैकी एक मी. विकलेल्या खुर्च्यांचे क्रमांक आम्ही ‘सेट’मध्ये ठेवत होतो. सेट म्हणजे संच, शाळेतल्या गणितातलाच. त्यात एक घटक एकदाच राहतो. मग एक खुर्ची दोनदा विकली गेलीच कशी?

मोठ्या प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालू असतात. अशा प्रत्येक कामाच्या ओघाला थ्रेड म्हणतात. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक थ्रेड होता, संच मात्र सगळ्यांत मिळून एकच. जावातला नेहमीचा हॅशसेट अशा सामायिक वापरासाठी केलेलाच नाही. दोन थ्रेडनी एकाच क्षणी भर घातली तर एखादी नोंद हरवूही शकते.

हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून १९९८ पासून जावात असलेलं ‘सिंक्रोनाइज्डसेट’चं वेष्टण आम्ही चढवलं होतं. त्यानं संचाला कुलूप लागतं. एकाचं काम होईपर्यंत दुसरा बाहेर थांबतो. आम्ही निर्धास्त झालो, आणि तिथंच फसलो. आमचा प्रोग्रॅम आधी ‘कंटेन्स’नं विचारी, बारा नंबर संचात आहे का? ‘नाही’ म्हटलं की ‘ॲड’नं तो घाली. दोन्ही कामं कुलपाआड, पण दोहोंच्या मधल्या क्षणी कुलूप उघडं! तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडनं तोच प्रश्न विचारला, त्यालाही ‘नाही’ मिळालं. संचानं दुसरा बारा मुकाट्यानं नाकारला, आपला नियम पाळला. तिकिटं मात्र दोन छापली गेली.

गंमत म्हणजे ‘ॲड’ स्वतःच उत्तर देत असते. नवी भर पडली तर ‘ट्रू’, घटक आधीच असेल तर ‘फॉल्स’. तेव्हा आधी विचारायचंच नाही; सरळ घालायचं आणि ज्याला ‘ट्रू’ मिळालं त्यालाच तिकीट द्यायचं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती सापडायला मात्र आठवडा गेला, कारण आमच्या टेबलावर चूक एकदाही दिसली नाही. ती गर्दीतच घडायची.

एका कुलपानं रांग लागते, हा दुसरा त्रास. २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ‘कॉन्करंटहॅशमॅप’ आला. त्यामागे डग ली यांचं मोठं काम आहे. यात सगळ्यांना एकाच दारात थांबावं लागत नाही. २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून त्याच्या ‘न्यूकीसेट’नं असा संच थेट मिळतो.

आणि शेजारच्या तीन खुर्च्या एकदम हव्या असतील तर? तिथं एकट्या ‘ॲड’चं चालत नाही. वेष्टणाच्या संचावर आपण स्वतः कुलूप धरून तिन्ही कामं उरकू शकतो. न्यूकीसेटच्या संचावर कुलूप धरलं, तरी त्याच्या आतल्या कामाला त्याची दादही नसते. तिथं एकेक खुर्ची घालत जायचं, आणि तिसरीला ‘फॉल्स’ आलं की पहिल्या दोन निमूट परत काढायच्या.