माळरानाचं जागावाटप

सरकारी दप्तरात ‘पडीक’ अशी नोंद झाली की माळाकडे कुणी वाकून बघत नाही. गवत काय, कुठेही उगवतं, हा समजही तसाच मुरला आहे. पाऊस सरता सरता पुणे-सोलापूरकडचा एखादा माळ खालून वर चढून पाहा. सखल भागातल्या खोल काळ्या मातीत मारवेल दाटतं. उतारावर मुरूम लागला की पवन्या सुरू होतो. माती पातळ आणि चराई फार, अशा ठिकाणी कुसळी ठाण मांडते. तिच्या बीला पीळदार कूस असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि या फिरण्यात टोकदार बी जमिनीत घुसतं. मुरमाड जमिनीत तिचं फावतं ते असं. १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांचे जे पाच प्रकार पाडले, त्यांत दख्खनच्या प्रकाराला पवन्या आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांवरून नाव मिळालं.

‘दोन ठोंबांमधली उघडी जागा फुकट गेली, तिथेही गवत लावा,’ असा सल्ला हमखास मिळतो. कोरड्या मुलखात हा हिशेब उलटा पडू शकतो. आफ्रिकेत नायजरच्या पठारांवर झाडोऱ्याचे हिरवे पट्टे आणि उघडे पट्टे आलटून पालटून दिसतात. दिसतात तेही विमानातून, कारण उतार नावालाच असतो. उघड्या पट्ट्यावर मातीची कडक पापडी धरते, पाणी मुरत नाही, ते वाहून खालच्या हिरव्या पट्ट्यात जिरतं. म्हणजे उघडा पट्टा हे हिरव्याचं पाणलोट क्षेत्र. तो भरून काढला, तर तेवढाच पाऊस सगळ्यांत वाटला जाऊन कुणालाच पुरणार नाही.

एकच जोमदार जात लावली की चारा भरपूर, हाही आवडता समज. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे १९९४ पासून डेव्हिड टिल्मन आणि सहकाऱ्यांनी १ ते १६ जातींचे वाफे शेजारी शेजारी राखले. मिश्र वाफे सरासरीत पुढे राहिले आणि वर्षागणिक अंतर वाढत गेलं. शेंगवर्गीय झाडं नत्र धरतात, शेजारचं गवत ते वापरतं; शिवाय मुळं वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी घेतात.

पण म्हणून ‘जाती जास्त तिथे चारा जास्त’ असं सूत्र पाठ करू नये. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या कुरणावर १८५६ पासून खतांचा प्रयोग चालू आहे. बिनखताच्या वाफ्यांत चाळिसाच्या आसपास जाती टिकल्या, तर अमोनियम सल्फेट देऊन चुना न टाकलेल्या, आंबट झालेल्या वाफ्यांत जेमतेम दोन-तीन. तरी भरपूर नत्र, स्फुरद, पालाश मिळालेल्या वाफ्यांचं वाळलेलं गवत वजनात बिनखताच्या वाफ्यांपेक्षा भारीच! उंच गवत माजतं, खालच्यांचा उजेड अडवतं. मिश्रणाचा फायदा बघायचा तर जमीन आणि खतपाणी सारखं धरूनच बघावं लागतं.

आणि उत्पादन म्हणजे नुसतं वजनही नव्हे. कुसळी कोवळी असताना जनावरं आवडीने खातात. एकदा कुसळं पक्की झाली की ती मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, तोंडाला टोचतात. फुलोऱ्याआधी कापलेला भारा वजनाला कमी भरला, तरी धनगराला तोच परवडतो.