घर विकणाऱ्यानें काय सांगितलें पाहिजे?

सोलापुरांतील जुन्या पेठांतून घराचा सौदा बहुधा भिंतीकडे पाहूनच ठरतो. दगडी जोतें, वरचें माळवद, अंगणांतील आड, इतकें पाहून झालें कीं किंमतीची घासाघीस होते आणि विसार हातावर पडतो. परंतु शेजाऱ्याची वहिवाट, घरावरील गहाण, सासरीं गेलेल्या बहिणीचा हिस्सा या गोष्टी माळवदावर चढून पाहिलें तरी दिसत नाहींत. त्या विकणाऱ्यास ठाऊक असतात. त्यानें त्या आपण होऊन सांगितल्या पाहिजेत काय?

घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून घ्यावें, हा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक. भारतांतील १८८२ च्या मिळकत हस्तांतरणाच्या कायद्यानें त्याला मुरड घातली. त्याचें ५५ वें कलम असें कीं, मिळकतींत किंवा मालकीहक्कांत महत्त्वाचा दोष असून तो विकणाऱ्यास माहीत असेल, घेणाऱ्यास नसेल, आणि साधारण सावधगिरीनें कळण्याजोगाही नसेल, तर विकणाऱ्यानें तो सांगितला पाहिजे. न सांगणें यास कायदा कपट म्हणतो.

सारी भिस्त 'साधारण सावधगिरी' या दोन शब्दांवर आहे. भिंतीस तडा आहे, माळवद गळतें, हें डोळ्यांना दिसतें. विकणारा त्याबद्दल गप्प राहिला तरी घेणाऱ्याची तक्रार टिकणें कठीण. तोच तडा बुजवून वर रंग दिला असेल तर गोष्ट निराळी. १९०६ सालीं इंग्लंडांत एक खटला झाला. सामाईक भिंतीबाबत निवाडा होऊन तिच्या खर्चाचा भार घरावर येणार होता, आणि विकणाऱ्यानें तें सांगितलें नव्हतें. न्यायालयानें खरीददारास विसार परत देवविला. भिंतीला भिंत लावून घरें उभीं असलेल्या पेठेंत हा निकाल दूरचा वाटू नये.

नोंदलेल्या दस्ताची माहिती मात्र घेणाऱ्यास आहे असेंच कायदा धरून चालतो. घरांत राहणाऱ्या भाडेकरूच्या हक्काचेंही तसेंच. म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील शोध आणि नगर भूमापनाची मिळकत पत्रिका पाहिल्यावांचून साठेखत करूं नये. तेवढ्यानें भागतें असेंही नाहीं. पत्रिकेवर तीन भावांचींच नांवें असतील, तर पत्रिका खोटें बोलत नाहीं, पण सगळें खरेंही सांगत नाहीं. हिंदु वारसा कायद्यांतील २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलींस मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे, आणि विवाहानें तो जात नाहीं. बहिणींनीं हक्कसोडपत्र दिलें आहे काय आणि तें नोंदलेलें आहे काय, हें विचारलेंच पाहिजे. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घरांत वाटपाच्या दाव्याचें समन्स यावें, यासारखा मनस्ताप नाहीं.

विचारण्याला कायद्यांत मोल आहे. त्याच कलमाप्रमाणें, मागितल्यास मालकीचीं कागदपत्रें तपासावयास देणें आणि मिळकतीविषयीं विचारलेल्या प्रस्तुत प्रश्नांस आपल्या माहितीप्रमाणें उत्तर देणें विकणाऱ्यास भाग आहे. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणी देत नाहीं! प्रश्न लेखी असावे. दस्त मूळ पाहावे, नकला नव्हेत. मूळ दस्त बँकेकडे तारण असूं शकतात. महापालिकेनें घर धोकादायक ठरविल्याची नोटीस दिली आहे काय, हेंही विचारावें. खरेदीच्या दिवसापर्यंतचे कर विकणाऱ्यानें द्यावयाचे असतात खरे. परंतु घरपट्टीचा बोजा घरावरच राहतो, तेव्हां थकबाकी नसल्याचा दाखला आधीं घ्यावा.

हीं बंधनें विरुद्ध करार नसेल तरच लागू होतात. साठेखतांत 'आहे त्या स्थितींत' असे शब्द आले कीं वकिलाला विचारावें. नव्या इमारतींतील सदनिकांच्या बाबतींत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें बांधकाम व्यावसायिकावर अधिक कडक जबाबदारी टाकली आहे. जुनें राहतें घर विकणाऱ्या गृहस्थास तो लागू नाहीं.

कायदा खरीददारासही मोकळा सोडीत नाहीं. विकणाऱ्याचा हक्क त्याला वाटतो त्याहून मोठा आहे आणि त्यामुळें किंमत बरीच वाढते, हें घेणाऱ्यास ठाऊक असेल व विकणाऱ्यास ठाऊक नसावें असें मानण्यास कारण असेल, तर तें त्यानेंही सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास तेंही कपटच.