शेक खरा, सुई खोटी

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. शारजात शाळा सुरू झाल्या होत्या, पण उन्हाळा काही हटत नव्हता. आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव रोज संध्याकाळी फुटबॉल खेळून घामाने निथळत घरी येत. एके दिवशी त्याच्या मांडीवर हरभऱ्याएवढी लाल गाठ दिसली. तिसऱ्या दिवशी त्याला नीट बसवेना.

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी लगेच निदान केलं. "गळू आहे गं. सुट्टीत इथे आंबे चापलेत ना, ती उष्णता बाहेर पडतेय. गरम शेक दे, आणि तोंड आलं की सुई तापवून फोड."

शेक दिला. सुईचा धीर झाला नाही. मग मी 'तो' डबा उघडला. भारतातून परतताना चकली-चिवड्याबरोबर आपण सगळेच जो आणतो, तो औषधांचा डबा! त्यात कुणाच्या तरी घसादुखीतून उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या होत्या. अर्धी अर्धी करून दोन दिवस दिल्या. गळू आपोआप फुटलं, ठणका थांबला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

तीन आठवड्यांनी त्याच्या काखेत दुसरं गळू आलं. त्याच आठवड्यात अहोंच्या मानेवर एक मोठी, टणक सूज आली. तिला एक नाही, तीन-चार तोंडं होती. "साइटवर हेल्मेट घासतं, त्याचं आहे," म्हणत त्यांनी चार दिवस काढले. ताप चढला तेव्हा दोघांनाही घेऊन क्लिनिक गाठलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, "घरात टॉवेल किती वापरता?"

मी गप्प. साताऱ्याच्या शाळेत दर सोमवारी मुलांची नखं तपासणारी मी, आणि माझ्याच बाथरूममध्ये बापलेक एकच टॉवेल वापरत होते.

त्या दिवशी बाईंनी जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. गळू म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग. म्हणून तर आपल्याकडे त्याला केसतूडही म्हणतात. बहुतेक वेळा जंतू असतो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. 1880 मध्ये ॲबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांना गळवाच्या पुवात तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, म्हणून पुढे त्याला ग्रीक भाषेतून तसंच नाव मिळालं. दहातल्या साधारण तिघांच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. घाम, घट्ट कपड्यांचं घासणं, खाजवणं किंवा वस्तऱ्याची जखम यांतून त्याला त्वचेच्या आत वाट मिळते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढतात, आणि त्या लढाईत मेलेल्या पेशी व जंतू म्हणजेच पू. आंबा बिचारा निर्दोष! आंबे आणि घाम एकाच ऋतूत येतात, एवढंच.

सासूबाईंचा शेक मात्र शंभर टक्के बरोबर होता. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. रक्तपुरवठा वाढतो, दुखणं कमी होतं आणि लहान गळू बरेचदा आपणहून फुटून बरं होतं. फुटलं की साबणाने धुवायचं, कोरडं करून पट्टी लावायची, हात धुवायचे. सुई मात्र नको. दाबल्याने किंवा टोचल्याने संसर्ग खोल जातो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागात तर मुळीच हात लावायचा नाही, तिथल्या शिरांतून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

ताप आला, लाली पसरू लागली, गळू चेहऱ्यावर किंवा मणक्यावर असलं, फार मोठं झालं, दोन आठवड्यांत बरं झालं नाही किंवा पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर डॉक्टरांकडेच जायचं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर पहिल्याच दिवशी. मोठ्या गळवाला डॉक्टर जागा बधिर करून छेद देतात आणि पू काढतात. खरा उपचार तोच. अँटिबायोटिक प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. या जंतूच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून बाईंनी पू तपासायला पाठवला आणि मगच गोळी ठरवली. माझ्या डब्यातल्या चार गोळ्यांचं कळल्यावर त्या रागावल्या नाहीत. "तुमच्याकडचे सगळेच आणतात," एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं.

अहोंच्या मानेवर होती ती काळपुळी, म्हणजे अनेक गळवं एकत्र जोडलेली. बाईंनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. जेवणाआधीची साखर 210 निघाली. वय 39, घरात कुणाला मधुमेह असल्याचं ऐकिवात नव्हतं. वाढलेल्या साखरेमुळे शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद घटते, म्हणून वारंवार येणारं गळू ही कधीकधी मधुमेहाची पहिली खूण असते. हेल्मेटला दोष देत आणखी महिनाभर काढला असता तर? तो विचार अजूनही नको वाटतो.

आता आमच्याकडे प्रत्येकाच्या टॉवेलचा रंग वेगळा आहे. गळू असेपर्यंत टॉवेल, चादरी आणि आतले कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुतले जातात. वस्तरा, कंगवा ज्याचा त्याचा. खेळून आलं की आधी अंघोळ, मग खाणं. अहो रोज संध्याकाळी चालतात आणि साखर आटोक्यात आहे. काळपुळीची खूण मात्र मानेवर राहिली आहे.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "बरं, शेक तरी माझा बरोबर होता ना?" होता, आई. अगदी बरोबर होता.

या दिवाळीत त्या इथेच आहेत. अभ्यंगस्नानासाठी त्यांनी चार पंचे आणलेत, प्रत्येकाच्या नावाची शिवण घातलेले. आणि औषधांच्या डब्यातून मी या वेळी फक्त थर्मामीटर, पट्ट्या आणि कापूस आणायला सांगितलं होतं.