रुमालाचं झाड आणि सिमेंटचा पत्रा



आजचा विषय आपल्या डोक्यावरच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरावर, गोठ्यावर, कोंबड्यांच्या शेडवर करड्या रंगाचा नागमोडी पत्रा असतो. सिमेंटचा पत्रा म्हणतो आपण त्याला. त्यात सिमेंटबरोबर बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस नावाचा तंतू मिसळलेला असतो. हा तंतू काय करू शकतो, हे एका गावाने फार मोठी किंमत मोजून शिकलं आणि पुढे ते एका कलाकृतीतून जगाला सांगितलं. ते गाव इटली देशात आहे. नाव कासाले मोनफेर्रातो.

कलेचं प्रदर्शन म्हटलं की भिंतीवरची चित्रं डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र मांडली आहेत झाडं. जेआ कासोलारो या कलावंत बाईंनी ही रोपवाटिका कल्पिली. झाडाचं नाव दाविदिया. मूळचं चीनच्या डोंगरांतलं. बहर आला की फांद्यांवर मोठी पांढरी पानं लोंबतात, वाऱ्यावर हलतात. दोरीवर रुमाल वाळत घातल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला रुमालाचं झाडच म्हणतात. रुमाल कशाला लागतो? डोळे पुसायला, आणि निरोप द्यायलाही. म्हणून हेच झाड निवडलं.

ही झाडं जिथे उभी आहेत, तिथे पूर्वी एटर्निट कंपनीचा कारखाना होता. १९०७ साली तिथे उत्पादन सुरू झालं, १९८६ साली कारखाना बंद पडला. छपराचे पत्रे आणि पाण्याचे पाइप तिथे बनत. एटर्निट हे नाव 'चिरंतन' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेलं. म्हणजे न झिजणारा, कायम टिकणारा माल. गावाला अभिमान होता. कारखान्यात नोकरी म्हणजे घर मार्गी लागलं, असं लोक म्हणत.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खडकातून निघणारा तंतू. जळत नाही, कुजत नाही, स्वस्त पडतो. पण त्याची धूळ केसापेक्षा कितीतरी बारीक असते. श्वासातून आत गेली की फुप्फुसात रुतून बसते आणि शरीराला ती बाहेर काढता येत नाही. काहींची फुप्फुसं हळूहळू कडक होतात, चार पावलं चाललं तरी दम लागतो. काहींना फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि एक कर्करोग फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाला होतो, त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. तो धूळ गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनीही उद्भवतो. म्हणून धुळीचं आणि आजाराचं नातं पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट आपल्या बायकांची आहे. कामगार धुळीने माखलेले कपडे अंगावर घेऊन घरी येत. बायका ते झटकत, मग धूत. झटकताना उडालेली धूळ त्यांच्याच नाकातोंडात जाई. कारखान्यातला भुकटीसारखा कचरा लोकांना स्वस्तात किंवा फुकट मिळे. लोकांनी तो अंगणात पसरला, रस्त्यावर टाकला, माळ्यावर घातला. त्याच अंगणात मुलं खेळली. म्हणून ज्यांनी कारखान्याची पायरीही चढली नव्हती, तीही माणसं आजारी पडली.

रोमाना ब्लासोत्ती पावेझी या त्याच गावच्या. त्यांच्या घरातली पाच माणसं मेसोथेलिओमाने गेली: नवरा, बहीण, मुलगी आणि आणखी दोन नातेवाईक. कारखान्यात कामाला होता तो फक्त नवरा. रोमाना घरात बसून राहिल्या नाहीत. पीडितांच्या कुटुंबांची संघटना उभी राहिली, तिच्या त्या कितीतरी वर्षं अध्यक्ष होत्या. १९८७ साली गावाच्या महापौरांनी गावात अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला बंदी केली. पाच वर्षांनी, १९९२ साली, सगळ्या इटलीने बंदी केली. २०१२ साली तुरीनच्या न्यायालयाने कंपनीच्या दोन बड्या धन्यांना सोळा वर्षांची शिक्षा सुनावली. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुदत उलटून गेल्याचं कारण देत तो निकाल रद्द केला. आजार चाळीस वर्षांनी उठतो आणि कायद्याची मुदत त्याआधीच संपते! गाव तरीही थांबलं नाही, पुढचे खटले चालू राहिले.

कारखाना पाडला, जागा साफ केली आणि १० सप्टेंबर २०१६ रोजी तिथे बाग खुली झाली. बागेचं नाव एटर्नॉट. कंपनीच्या नावाचंच शेपूट बदलून त्यात 'नाही' घातलं. रुमालाची रोपवाटिका याच बागेत आहे. अ‍ॅस्बेस्टॉसविरुद्ध झटणाऱ्यांना दरवर्षी २८ एप्रिलला तिथलं रोप सन्मान म्हणून देतात. रोप घेणाऱ्याला ते जगवावं लागतं, आणि ते फुलायला कितीतरी वर्षं लागतात. दगडी स्मारकाला हार घालून माणूस विसरून जातो. रोपाला पाणी घालायचं तर रोज आठवण ठेवावी लागते. ही कला आम्हाला म्हणूनच मोलाची वाटते.

आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांत जे उशिरा संपेल तोवर जपून ठेवली पाहिजे. आजार किती उशिरा येतो, हे न्यायालयानेही ओळखलं होतं.

मग घरावरचा पत्रा उद्याच काढायचा का? नाही. घाबरू नका. धड असलेला पत्रा गप्प पडून असतो. धोका असतो तो कापताना, भोक पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा. म्हणून एवढं पाळूया:

पत्रा कोरडा कापू नका, कटर तर लावूच नका. शेवाळ आलं म्हणून कोरड्या ब्रशने खरवडू नका. फुटलेले तुकडे कुटून अंगणात किंवा वाटेवर टाकू नका; पाणी मारून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून, मुलांपासून लांब ठेवा आणि त्यांचं काय करायचं ते ग्रामपंचायतीत विचारा. तुकडे पडलेली जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला रुमाल किंवा पदर बांधून ही धूळ अडत नाही.

घरातलं माणूस पत्रे बसवायच्या, जुनी बांधकामं पाडायच्या कामाला जात असेल, तर त्याचे कपडे झटकू नका. आधी पाण्यात भिजवा, वेगळे धुवा. त्याला दम लागत असेल, खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना त्याच्या आताच्या कामाबरोबर वीस-तीस वर्षांपूर्वीचं कामही सांगा. बिडी-सिगारेट असेल तर ती सोडायला लावा, कारण धूर आणि ही धूळ एकत्र आली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

आणि नवीन छप्पर घालणार असाल, घरकुलाचं असो की गटाच्या शेडचं, तर दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का?" त्याविना बनलेले पत्रे बाजारात मिळतात. गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि कुणाच्या घरचं माणूस अशा धुळीच्या कामाला जातं, हे एकमेकींना विचारा.